तोंड कुणीकडे?

आमच्या घराण्यात आजवर दोन मोठे वाद झाले. एक आजोबांच्या जमिनीचा. तो तालुक्याच्या कोर्टात मिटला. दुसरा गाडीच्या ऑइल फिल्टरमधल्या रबराच्या चकतीचा. तो मिटायची लक्षणं नाहीत, कारण त्याला कोर्ट नाही आणि वकील मात्र घरोघरी आहेत.

चकतीचं कागदोपत्री नाव अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. ऐकणाऱ्याला वाटावं, अणुभट्टीत बसवायची वस्तू असेल. प्रत्यक्षात फिल्टरच्या डब्याच्या तोंडात डोकावलं की मधोमध आट्यांचं मोठं भोक दिसतं, त्याच्याभोवती बारकी भोकं, आणि त्या बारक्या भोकांना आतून चिकटून बसलेलं रबर. संपलं. पंपाने तेल ढकललं की रबर आत झुकतं, तेल बारक्या भोकांतून शिरतं, कागदाच्या चुण्यांतून गाळलं जातं आणि मधल्या भोकाने इंजिनकडे जातं. इंजिन बंद झालं की रबर पुन्हा भोकांवर बसतं आणि डब्यातल्या तेलाला आल्या वाटेने इंजिनाखालच्या चेंबरात परतू देत नाही.

परतलं तर काय बिघडतं? छोट्या गाडीच्या डब्यात पाव लिटरच्या आसपास तेल असतं. ते रात्रीतून खाली उतरलं तर सकाळी पंपाला आधी डबा भरावा लागतो आणि मगच तेल वर पोचतं. तेवढा सेकंद-दोन सेकंद तेलाचा लाल दिवा विझत नाही आणि इंजिनाच्या वरच्या अंगाने कडकड आवाज येतो. बेअरिंगांवर आदल्या दिवशीच्या तेलाचा ओशटपणा असतोच, त्यामुळे गाडी त्याच सकाळी मरत नाही. पण रोज सकाळी उपाशीपोटी पळायला लावलं तर कोण कुरकुरणार नाही?

दाजींच्या मते मात्र ती त्याच सकाळी मरते. दाजींची उमर कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात गेली, त्यामुळे त्यांना प्रत्येक यंत्र शेवटच्या घटका मोजताना दिसतं. माणसंही. त्यांच्या घरी चहाला गेलं की आधी फ्रीजच्या कॉम्प्रेसरची तब्येत कळते, मग ताईची. काकांचा पक्ष नेमका उलटा. व्हॉल्व्हबिल्व्ह ही सगळी पैसे उकळायची सोंगं. "माझ्या डब्यात तसलं काही असलं काय नि नसलं काय, पहिल्या स्टार्टरला गाडी चालू होते आणि आवाज म्हणाल तर नाव नको," हे वाक्य त्यांनी बारशात, मुंजीत आणि एकदा दहाव्याला घाटावरही ऐकवलेलं आहे.

भाचीच्या लग्नात पंगतीला दोघं समोरासमोर आले आणि मठ्ठा येईपर्यंत विषय रबरावर पोचला. शेजारी मामा बसले होते. मामांकडे गाडी नाही, विहीर आहे. त्यांनी जिलबी खाऊन होईस्तोवर शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्यो तर फूट व्हॉल्व्ह झाला की!"

खरंच होता. विहिरीतल्या पाइपाच्या बुडाला फूट व्हॉल्व्ह असतो, तो पाइपातलं पाणी धरून ठेवतो. तो गळका झाला की सकाळी मोटर नुसती घोंघावते आणि मामा बादलीने पाणी ओतत बसतात. इंजिनाचा पंप दातांच्या चाकांचा असल्यामुळे तो स्वतःच तेल खेचून घेतो, बादली लागत नाही. उशीर तेवढा होतो. पण मामांनी पुढे जे विचारलं ते इतकी वर्षं आमच्यातल्या एकाही विद्वानाला सुचलं नव्हतं.

"पाव्हणं, तुमच्या डब्याचं तोंड कुणीकडं हाय? उभा हाय का आडवा का पालथा?"

पंगतीत अशी शांतता पसरली की वाढप्याला वाटलं, भात संपला म्हणून माणसं रागावली. दोघांनी आपापल्या गाडीवर व्याख्यानं दिली होती, गाडीखाली कुणी वाकलं नव्हतं.

हात धुऊन मंडळी पार्किंगमध्ये. फेटा उतरवलेले दाजी आणि सिल्कचा कुडता घातलेले काका, दोघंही मंगल कार्यालयाचे पुठ्ठे अंथरून पाठीवर, हातात मोबाइलची बॅटरी. काकांच्या गाडीचा डबा खालून वर बसवलेला निघाला. बूड जमिनीकडे, तोंड आकाशाकडे. अशा डब्यातलं तेल जाणार कुठे? व्हॉल्व्ह नसला तरी ते आत बसून राहतं. दाजींच्या गाडीचा डबा आडवा. तिथे व्हॉल्व्ह नसेल तर भोकांच्या पातळीपर्यंतचं तेल रात्रीत निघून जाणार. म्हणजे काका काकांच्या गाडीबद्दल बरोबर होते आणि दाजी दाजींच्या. हा निकाल मी जाहीर केला आणि दोघांनीही माझ्याशी बोलणं सोडलं. अख्खा वाद जिंकायला निघालेल्या माणसाच्या हातावर अर्धा टेकवला तर तो खूश होत नाही.

डबा पालथा असण्याचा प्रकारही आहे. इंग्रजांच्या एमजीबी या स्पोर्ट्स गाडीच्या नंतरच्या मॉडेलांत फिल्टरचं तोंड खाली आणि बूड वर. तिथे व्हॉल्व्हने दगा दिला तर डबा सगळाच रिकामा. बाकी, उभ्या डब्यातसुद्धा कंपन्या हे रबर घालतात, कारण एकाच मापाचा डबा अनेक गाड्यांना चालतो आणि तो कुठे कसा बसेल हे कारखान्यात कुणाला ठाऊक? माझं मत विचाराल तर आडव्याला आणि पालथ्याला हवाच, उभ्याला असला तर राहू द्यावा.

पण असणं वेगळं आणि काम करणं वेगळं. हे आमच्या मिस्त्रीने दाखवलं. सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा त्याने दाजींचा जुना डबा गाडी गार असतानाच सोडवला. आडव्या डब्यातून तेल बदाबदा यायला हवं होतं, आलं जेमतेम. त्याने हॅकसॉने डब्याचं तोंड कापलं आणि काळं रबर बाहेर काढून माझ्या हातात दिलं. अंगठ्याने दाबलं तर ते वाकेना, जोर लावला तर कडेला तडकलं. काळं म्हणजे बहुधा नायट्राइल, तापून तापून कडक होतं. सिलिकॉनचं रबर बऱ्याचदा केशरी असतं, ते उष्णतेला जास्त टिकतं. महिनोन्‌महिने डबा न बदलणाऱ्यांनी तरी केशरी घ्यावं, असं मिस्त्रीचं म्हणणं.

हे म्हणताना त्याने काकांकडे बघितलं. काका नुसते बघायला आले होते, पण त्यांची गाडी दारातच होती. मिस्त्रीने त्यांचा डबा उतरवून कापला. रबर ठणठणीत, कागद मात्र चिखलाने पार चोंदलेला.

"काका, तुमचं इंजिन किती दिवस न गाळलेलं तेल पितंय कुणास ठाऊक. कागद चोंदला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो, म्हणून निदान तेल तरी पोचलं."

दाजींनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"बायपास?" काका म्हणाले. "डॉक्टर मागे लागले तरी मी स्वतःची नाही केली. गाडीची कशाला?"

"लागतो म्हणजे लागतोच!" दाजी म्हणाले, आणि मिस्त्रीने पोराला दोन कटिंग जास्त आणायला पाठवलं.