फक्त एकावर खूण करा

निवडणूक आयोगाचा नमुना 8 हा अतिशय सुटसुटीत कागद आहे. घर बदललं, नावात किंवा वयात दुरुस्ती हवी, मतदार ओळखपत्र हरवलं किंवा दिव्यांग म्हणून नोंद करून घ्यायची, या चारही कामांना तो एकच चालतो. 2022 च्या ऑगस्टपर्यंत असं नव्हतं. त्याच मतदारसंघात घर बदललं तर 8अ, मतदारसंघ ओलांडला तर 6, नावात दुरुस्ती असेल तर 8, अशी वाटणी होती आणि ती फक्त झेरॉक्सवाल्याला पाठ असायची. आयोगाने हा गुंता सोडवला याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. मी मानलेही. मग चार पर्यायांच्या डोक्यावर छापलेली सूचना वाचली : यांपैकी कोणत्याही एकावर खूण करा.

माणूस एका वेळी एकच काम करतो, अशी आयोगाची समजूत दिसते. पुरुषांच्या बाबतीत ती बरीचशी खरीही असेल. पण आपल्याकडे बाईचं घर आणि नाव एकाच दिवशी बदलतं. सकाळी अक्षता पडतात, दुपारी पंगती उठतात आणि संध्याकाळी सासरच्या उंबऱ्याच्या आत ताटभर तांदळात अंगठीने नवं नाव लिहून होतं. फोटोग्राफर त्या ताटाचा जवळून फोटो काढतो. तो फोटो नावबदलाचा पुरावा म्हणून चालत नाही, हे मी विचारून घेतलं आहे.

आता प्रश्न असा की आधी खूण कशावर करायची?

समजा, नावावर केली. मग अर्ज जातो जिथे आपलं नाव आधीपासून आहे तिथल्या कार्यालयात, म्हणजे माझ्या बाबतीत माहेरी, नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. तिथले केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांना सगळे बीएलओ म्हणतात, चौकशीला घरी येतात. दार आई उघडते. ते विचारतात, “मावशी, ताई आहेत का घरी?” आई आनंदाने सांगते की तिचं लग्न झालं, ती आता पुण्याकडे असते, जावई चांगले आहेत, बसा, चहा घ्या. बीएलओ चहा घेतात आणि वहीत लिहितात : स्थलांतरित. नावात दुरुस्ती मागायला गेलेली बाई अशा रीतीने नावासकट यादीतून जायच्या वाटेला लागते. यात कोणाचीच चूक नाही. आई खरं बोलली, त्यांनी खरं लिहिलं आणि चहाही चांगला होता.

म्हणून मग पत्त्यावर खूण करावी. हा अर्ज नव्या पत्त्याच्या कार्यालयात जातो. तिथे राहत्या जागेचा पुरावा लागतो. माझा पुरावा नव्या नावाचा, कारण आधार आणि भाडेकरार लग्नानंतरचे. यादीतली नोंद जुन्या नावाची. काउंटरवरच्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि विचारलं, “या दोघींपैकी तुम्ही कोण?”

मी म्हटलं, दोघीही.

“मग मॅडम, आधी नाव दुरुस्त करून आणा.”

लग्नानंतर नाव बदलावंच लागतं असा कायदा नाही, हे मला ठाऊक आहे. ते साहेबांनाही ठाऊक होतं. “बदललं कशाला मग?” असं त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं. गंमत अशी की नाव बदललं नाही तर सासरचे, सोसायटीचे आणि लग्नपत्रिका वाटायला येणारे सगळे विचारतात. बदललं की निवडणूक कार्यालय विचारतं. माझ्या नवऱ्याला अद्याप कोणीच काही विचारलेलं नाही. त्याच्या नावापुढे लग्नाआधी त्याच्या वडिलांचं नाव होतं, आजही आहे. लग्नाने त्याच्या कागदपत्रांचं काहीही बिघडलं नाही.

राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्या, असा सल्ला मला अनेकांनी दिला. ती मी केली. राज्य शासनाला माझं नाव मान्य आहे. ते मतदार यादीला मान्य व्हावं यासाठी नमुना 8 भरावा लागतो.

आता पुराव्याचं. राहत्या जागेचा दाखला म्हणून पाणी, वीज किंवा गॅसचं बिल चालतं, मात्र त्या पत्त्यावर किमान एक वर्षाचं. आपल्याकडे भाड्याच्या घराचा करार असतो 11 महिन्यांचा. वर्ष पूर्ण व्हायला महिना उरलेला असताना मालकाचा फोन येतो की मुलाचं लग्न ठरलंय, जागा लागेल. त्यातून वीजबिल मालकाच्या नावाने. राहता राहिला नोंदणी केलेला करार. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची असल्यामुळे तो आपल्याकडे असतो, आणि तो चालतोही. फक्त अर्ज, चौकशी, सुनावणी आणि यादी हा प्रवास कराराच्या मुदतीत संपायला हवा. नाहीतर यादीत नाव लागतं तेव्हा आपण दोन चौक पलीकडे राहत असतो आणि तिथे पुन्हा नमुना 8 आपली वाट बघत असतो. भाडेकरूचं मत असं कायम एक घर मागे असतं.

कायदा मात्र भाडेकरूच्या बाजूचा आहे, हे आवर्जून सांगायला हवं. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 म्हणतं की निव्वळ घर मालकीचं आहे म्हणून कोणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. नियम उत्तम आहे. आमचे घरमालक कित्येक वर्षं न्यू जर्सीत राहतात आणि आमच्या पत्त्यावर त्यांचं नाव यादीत ठळकपणे आहे. त्यांच्या पत्नीचंही आहे. शिवाय आमच्या आधी राहून गेलेलं एक जोडपं आहे आणि त्यांच्याही आधीचा, इंजिनीअरिंगला असलेला, एक मुलगा आहे. दर निवडणुकीला पक्षाचे कार्यकर्ते या सगळ्यांच्या स्लिपा घेऊन येतात. मी त्या घेते, कारण स्लिपा आणणारा मुलगा बिचारा घामाघूम असतो. मतदार यादीप्रमाणे आमचा फ्लॅट भरलेला आहे आणि आमच्या दोघांसाठी त्यात जागा नाही.

चौकशीला येणाऱ्या बीएलओ बाईंविषयी मात्र माझी काही तक्रार नाही. बहुतेक जणी शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात. आपलं काम सांभाळून जिने चढतात आणि लिफ्टपाशी वॉचमनला आपली सगळी माहिती देतात, जी खरं तर वॉचमनने त्यांना द्यायची असते. आमच्याकडे आलेल्या बाई कामाच्या दिवशी अकराच्या सुमाराला आल्या. तेव्हा घर बंद होतं. त्यांनी शेजारी विचारलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, राहत असतील कोणी, मी कधी बघितलं नाही. पुढे बाईंनी फोन केला. “ताई, तुम्ही दिवसा घरात नसता. मग राहता कुठे?” मी म्हटलं, ऑफिसात. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “तसा रकाना नाही.”

अर्जावर हरकत घ्यायला लोकांना सात दिवस देतात. मी इथे राहत नाही असं कोणाला वाटत असेल, तर त्याने लेखी कळवायचं. माझ्यावर कोणी हरकत घेतली नाही. हरकत घेण्याइतकं कोणी मला ओळखत नव्हतं.

इतकं झाल्यावर झेरॉक्सवाल्याचा मोह पडतो. निवडणूक कायद्याचा खरा भाष्यकार तोच. तो म्हणतो, “मॅडम, आठाच्या नादी लागू नका. सहा भरा, नवीन मतदार म्हणून. पटकन होतं.” होतंही. फक्त नमुना 6 वर आपण सही करून सांगतो की माझं नाव याआधी कुठल्याही यादीत नाही, आणि असं खोटं सांगितलं तर त्याच 1950 च्या कायद्याच्या कलम 31 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. झेरॉक्सवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, “आजवर कोण गेलंय आत?” या एका प्रश्नातून राज्यभर दुबार मतदार तयार झाले. जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकांत संभाव्य दुबारांच्या नावापुढे यादीत दोन फुल्या होत्या. अशा मतदाराने मी एकाच ठिकाणी मत देईन असं लिहून द्यायचं होतं. ज्यांचं नाव एकाही ठिकाणी धड नाही, त्यांच्यासाठी खूण नव्हती.

त्या निवडणुकीत यादी घेतली होती 1 जुलै 2025 ची आणि मतदान होतं 15 जानेवारीला. राज्य निवडणूक आयोग स्वतः नावं घालत नाही, काढतही नाही, विधानसभेची यादी घेऊन प्रभागांत फोडतो. म्हणजे जुलैनंतर घर बदललेल्याने जुन्या प्रभागात जाऊन तिथल्या गटाराचा निर्णय करायचा. पुण्यात आधीची महापालिका निवडणूक झाली होती 21 फेब्रुवारी 2017 ला. मधली जवळपास नऊ वर्षं आम्हाला पत्ता दुरुस्त करून घ्यायला मिळाली होती, हेही मान्य करायला हवं. अकरा महिन्यांच्या हिशेबाने तेवढ्यात नऊ घरं होतात.

कोणी म्हणेल, एवढं कशाला, माहेरी जाऊन मत द्या. दिलं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आई खूश होते, येताना लोणच्याची बरणी मिळते. पण केंद्राच्या आत परिस्थिती नाजूक असते. मतदान अधिकाऱ्याकडे एक वेगळी यादी असते, गैरहजर, स्थलांतरित आणि मयत अशा तिघांची एकत्र. तिच्यात नाव असलं तरी मत देता येतं, फक्त ओळख अधिक बारकाईने तपासतात आणि सहीच्या जोडीला अंगठाही घेतात. सही जुन्या नावाची करायची, ओळखपत्र नव्या नावाचं दाखवायचं, आणि मागच्या रांगेत शाळेतल्या बाई उभ्या असतात, ज्या दोन्ही नावं सोडून तिसऱ्याच टोपणनावाने हाक मारतात. उमेदवाराचा प्रतिनिधी आपल्या ओळखीवर आक्षेपही घेऊ शकतो. नियमाप्रमाणे त्यासाठी त्याने केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये रोख भरायचे असतात. मी कोण, हा प्रश्न दोन रुपयांत उपस्थित करता येतो. बहुधा सुट्ट्यांच्या टंचाईमुळेच माझ्या बाबतीत तो कोणी केला नाही.

यादीत नाव नसेल तरी ‘कलम 49अ’खाली आधार दाखवून ‘चॅलेंज व्होट’ मागा, असा एक संदेश दर निवडणुकीला घरच्या ग्रुपवर फिरतो. तो साफ खोटा आहे. यादीत नाव नाही तर मत नाही. नियम 49प प्रमाणे मिळणारं प्रदत्त मत वेगळं. आपलं नाव यादीत आहे, पण आपल्या नावावर दुसरंच कोणी मत देऊन गेलंय, अशा माणसासाठी ते असतं. ते कागदावर घेतात आणि पाकिटात घालून ठेवतात. तो टाकणाऱ्या काकांना मी हे सविस्तर लिहून कळवलं. त्यांनी अंगठा पाठवला आणि संध्याकाळी तोच संदेश परत टाकला.

हा देश बायकांच्या नावांशी पहिल्या निवडणुकीपासून झगडतो आहे. 1951-52 च्या याद्या करताना, प्रामुख्याने उत्तरेकडच्या राज्यांत, लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच लिहून घ्या म्हणाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्पष्ट केलं की स्वतःचं नाव लागेल. आठ कोटींच्या आसपास स्त्री मतदारांपैकी सुमारे 28 लाख नावं त्यामुळे वगळली गेली. सेन यांचं बरोबरच होतं. बाईला स्वतःचं नाव असलं पाहिजे. त्यांना अडचण होती एकही नाव नसलेल्यांची. दोन असलेल्यांचा विचार करायला तेव्हा सवड मिळाली नसावी.

महाराष्ट्राने आता पुढचं पाऊल टाकलं आहे. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव येतं. त्यांतली पहिली तुकडी 1 मे 2042 रोजी अठरा वर्षांची होईल आणि 1 जुलैच्या अर्हता दिनांकाला मतदार म्हणून नोंदवली जाईल. तेव्हा मुलाच्या नावातली आई आणि आईच्या ओळखपत्रावरची आई एकच आहे का, असा प्रश्न काउंटरवर येईल. उत्तराची तयारी आत्तापासून ठेवलेली बरी.

तोवर ज्यांची लग्नं ठरली आहेत अशा मुलींना एकच विनंती आहे. शक्य असेल तर नाव आणि घर एकाच दिवशी बदलू नका. आधी माहेरीच राहून नाव बदला, नमुना 8 भरा, नवं ओळखपत्र हातात येऊ द्या, मग सासरी जा आणि दुसरा नमुना 8 भरा. सासरच्यांना थोडं थांबावं लागेल, पण त्यांचं नाव यादीत आहे, त्यांना घाई नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव घालता येत नाही, तेव्हा मुहूर्त काढताना गुरुजींना तेवढं सांगून ठेवा. आणि नमुना 8 ला सरकारी फी एक रुपयाही नाही. झेरॉक्सवाल्याने पन्नास मागितले तर तीस द्या.