एका जत्रेचे तीन लेख

मासिकांसाठी सातत्याने लिहिणाऱ्या, पण कुठल्याच मासिकाच्या हजेरीपटावर नसलेल्या माणसाला मुक्त पत्रकार म्हणतात. त्याच्या घरी एक तारखेला विशेष काही घडत नाही. खेळ, प्रवास आणि लोकसंस्कृती हे त्याचे तीन विषय. खेळांत क्रिकेट येत नाही. ते पगारी माणसे सांभाळतात. उरतात कबड्डी, खो-खो, बैलगाडा शर्यत आणि कुस्ती. शर्यत घाटात पंधरा-वीस सेकंदांत संपते आणि संपादकाला बाराशे शब्द हवे असतात, म्हणून मुरलेली माणसे कुस्ती धरतात.

विषय तीन असले तरी माणूस एक आणि एसटीचे तिकीटही एकच. साहजिकच तिन्ही लेख एकाच गावात उरकावे लागतात. सातारा-सांगली-कोल्हापूरकडची चैत्रातली जत्रा या हिशेबात चपखल बसते. दुपारी कुस्त्यांचे मैदान, रात्री तमाशा आणि पहाटे मुक्कामी गाडीने परत.

कुस्तीच्या लेखाचा निम्मा भाग घरीच तयार असतो. पहिल्या परिच्छेदात १९५२, हेलसिंकी, गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यात शाहू महाराज आणि १९१२ साली उभे राहिलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान. तिसऱ्यात लाल माती, तीत मिसळलेले ताक, तेल, हळद, लिंबू. अडचणी सुरू होतात त्या मैदानात पाऊल टाकल्यावर. आधी नारळावरच्या कुस्त्या असतात. शाळकरी पोरे लढतात, जिंकणाऱ्याला पोत्यातून नारळ निघतो. मग जोडी मोठी होत जाते, हलगीचा ठेका चढतो आणि शेवटची कुस्ती लागते. पत्रकार वहीत इनामाचे आकडे टिपत असतो, कारण निवेदक मधेच ‘सरपंचांकडून आणखी पाचशे एक’ असे ओरडत असतो. आकडा लिहून मान वर करेपर्यंत गडी चितपट झालेला असतो आणि फेटे हवेत उडालेले असतात.

डाव कोणता होता, हे मग शेजाऱ्यांना विचारावे लागते. डावीकडचे आजोबा ‘एकचाक’ म्हणतात. उजवीकडचे ‘घिस्सा’ म्हणतात. मागून कुणीतरी सांगतो, ‘डाव कसला, दमलं हुतं ते.’ तिसरे मत बहुधा खरे असते. छापून मात्र एकचाक येते.

इनामाची रक्कम पैलवानाच्या मातीने भरलेल्या हातात तिथल्या तिथे पडते. तो ती न मोजता वस्तादांकडे देतो. मजुरी आणि मोबदला यांतले अंतर एवढे कमी असलेला दुसरा व्यवसाय पत्रकाराच्या पाहण्यात नसतो, त्यामुळे तो हे दृश्य लेखात फार सविस्तर रंगवतो.

प्रवासलेखाला निसर्गापेक्षा चौकट महत्त्वाची. कसे जाल, कुठे राहाल, काय खाल. लेखक स्वतः मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर पिशवी उशाला घेऊन झोपलेला असतो. चौकटीत ‘मुक्कामाची साधी पण स्वच्छ सोय’ असे येते. रस्सा कुणाच्या तरी घरी आग्रहाने वाढलेला असतो. चौकटीत ‘घरगुती जेवण मिळते’ असे होते, आणि पुढच्या वर्षी चार मोटारी त्या घराचा पत्ता शोधत येतात. या प्रकारच्या लेखनाची परंपरा मोठी आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, १८५७ च्या धामधुमीत सापडले, लुटले गेले आणि गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहून काढलेला ‘माझा प्रवास’ पुस्तकरूपाने निघाला १९०७ साली, त्यांच्या पश्चात. मानधनाला उशीर झाला की मुक्त पत्रकाराने हे साल आठवावे.

तिसरा लेख लोकसंस्कृतीचा. यात माहिती नवी नसते, शब्द नवे असतात. दुपारची हलगी इथे लोकवाद्य होते, जत्रेचा यात्रोत्सव होतो, आणि एकचाक सांगणारे आजोबा ‘गावातील जाणते ग्रामस्थ’ म्हणून पुन्हा येतात. तमाशाचा भाग नीट करायचा तर पाडव्याच्या सुमारास नारायणगावला जावे. तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी ठरवायला येतात. तारीख, रक्कम, इसार सगळे राहुटीतल्या चटईवर बसून पक्के होते. इसार हातात पडल्याशिवाय तारीख वहीत चढत नाही. पत्रकार हेही टिपून घेतो. आपल्या संपादकाशी तसे बोलण्याचा विचार परतीच्या गाडीत त्याच्या मनात येतो आणि मंचरच्या आसपास मावळतो.

तिन्ही लेख जातात दिवाळी अंकांना. ही प्रथा १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केली, आणि तेव्हापासून मराठी लेखक उन्हाळ्यात दिवाळीचे लिहितो. अंक वसुबारसेच्या आगेमागे येतो. पाने भरल्यामुळे कुस्तीच्या लेखातून कुस्तीच गेलेली असते. खाशाबा आणि खासबाग शाबूत असतात. मानधनाची चौकशी होळीच्या आत करणे अशिष्ट समजतात. होळीनंतर केली तर हिशेबाचे गृहस्थ रजेवर असतात, आणि तोवर पुन्हा चैत्र येतो.

जत्रा कमिटी मात्र हलगी थांबवून मैदानातच ‘पुण्याहून आलेल्या पत्रकार साहेबांचा’ सत्कार करते. डोक्याला फेटा आणि हातात नारळ, त्याच पोत्यातला. तो जागेवर मिळतो.