शेवटचा अर्धा इंच

द्राक्षबागायतदाराला मिनी ट्रॅक्टर कशासाठी हवा, या प्रश्नाला कर्जाच्या अर्जात आम्ही ‘मशागत, फवारणी व वाहतूक’ असं छापील उत्तर देतो. खरं उत्तर आहे, अवजारं जोडण्यासाठी आणि सोडण्यासाठी. मधल्या वेळात जमेल तेवढी मशागत.

ऑक्टोबरात गोडी छाटणी उरकली की आमच्या निफाडकडे कुठल्याही बागेत डोकावा. सकाळी ट्रॅक्टरमागे फवारणीचा ब्लोअर, कारण रात्रभर दव पडलंय आणि डावणी रोगाच्या नावानं घरादाराची झोप उडालीय. दुपारी रोटर, कारण दोन ओळींमध्ये तण माजलंय. तिन्हीसांजेला ट्रॉली, कारण शेणखत येऊन पडलंय. आणि जेवताना मोबाईलवर ढग दिसले की हातातला घास तसाच ठेवून पुन्हा ब्लोअर. अवजारं तीन, ट्रॅक्टर एक, आणि तो चालवणाराही एकच. ट्रॅक्टरवर बसणारा मी आणि मागे उतरून पिना घालणाराही मीच, ही या धंद्यातली मूळ गोची.

अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी पिना घालून जोडायची ही तऱ्हा आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं काढली. (पुण्याच्या कॉलेजशी या गृहस्थांचा काही संबंध नाही. हे ‘मॅसी फर्ग्युसन’ ट्रॅक्टरमधले.) त्याआधी नांगर नुसता साखळीनं नाहीतर दांड्यानं मागे ओढत. तो जमिनीतल्या दगडाला अडला, की ट्रॅक्टर पुढून उचलला जाई आणि चालकाच्या अंगावर उलटे. फर्ग्युसननं खाली दोन हात आणि वर एक टॉपलिंक देऊन अवजार ट्रॅक्टरच्या अंगालाच लावलं. उलटायला निघालेल्या ट्रॅक्टरला हीच रचना आवरून धरते. माणूस मोठा खटपट्या. 1909 साली त्यानं स्वतः बांधलेलं विमान आयर्लंडात स्वतःच उडवून दाखवलं होतं. 1938 मध्ये हेन्री फोर्डशी त्याचा व्यवहार ठरला तो नुसता हात मिळवून, कागद नाही, सही नाही. पुढच्याच वर्षी ती जोडणी घेऊन फोर्डचा ट्रॅक्टर बाजारात आला. थोरल्या फोर्डच्या नातवानं मात्र हा व्यवहार मोडला, प्रकरण कोर्टात गेलं आणि 1952 मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर मिटलं. म्हणजे जोडताना एक हस्तांदोलन पुरलं आणि सुटताना वर्षं गेली. आमच्याकडे उलटं असतं. सुटतं दणकन, जोडायलाच जन्म जातो.

जोडायचा क्रम ठरलेला आहे. आधी डावा हात, मग उजवा, शेवटी टॉपलिंक. डावा आधी का, तर उजव्या हाताला फिरवून वरखाली करायचा दांडा असतो आणि डाव्याला बहुधा नसतो. जो हलू शकतो त्यानं नंतर जुळवून घ्यायचं, हा न्याय आमच्या घरातही आहे आणि तिथं उजवा मी आहे. टॉपलिंकला दोन टोकांना उलटसुलट आटे असतात, मधला पाइप फिरवला की लांबी कमीजास्त होते. कागदावर हे सगळं दोन मिनिटांचं काम आहे.

पण रोटर हे अवजार रुसलेल्या जावयासारखं असतं. ते स्वतः तसूभर हलत नाही, सगळ्यांनी त्याच्याकडे जायचं. ट्रॅक्टर मागे घेत घेत पिनेचं भोक आणि हाताचं भोक यांच्यात फक्त अर्धा इंच उरतो. तो अर्धा इंच फर्ग्युसनच्या बापालाही सुटला नसता.

त्यासाठी मग मंडळी मागे उभी राहते. “घ्या... घ्या... अजून घ्या... अहो, थांबा!” यातला ‘थांबा’ नेहमी ‘खण्ण’ नंतर येतो. मग ती अंगठा आणि तर्जनी यांच्यात फट धरून किती उरलंय ते दाखवते. सीटवरून मान मोडून पाहणाऱ्याला ती फट चिमूटभर हिंगाएवढी दिसते. मी क्लच सोडतो, ट्रॅक्टर चार इंच जातो. “एवढं म्हटलं होतं का मी?” लग्नाला किती वर्षं झाली असली तरी या प्रश्नाला उत्तर नसतं.

तेवढ्यात बांधावरून नाना येतात. नाना हे शेजारच्या गटातले वयोवृद्ध, सल्ल्याला जीएसटी नाही. “आमच्या वेळी बैल आपणहून जुवाखाली मान द्यायचा,” ते म्हणतात. मी मान डोलावतो. आता बैलानं मान दिलीच असेल, पण रोज सकाळी त्याला मध्येच बाजूला करून दुसरा बैल लावायचा प्रसंग नानांवर आला होता का, हे विचारायची सोय नाही. मग नाना पहार घेतात. फर्ग्युसननं तीन बिंदू सांगितले, चौथा बिंदू पहार. पहारीनं रोटरचा कोपरा उचकटला की पिन कुरकुरत आत जाते.

पुढे शाफ्ट. इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या, ट्रॅक्टरमागच्या पीटीओला सहा खाचा, शाफ्टच्या तोंडाला आतून तेवढ्याच. एका हातानं वजन पेलायचं, दुसऱ्यानं स्प्रिंगची कळ दाबायची आणि तिसऱ्यानं शाफ्ट फिरवत खाचा जुळवायच्या. या वेळी इंजिन बंद आणि गळ्यातला टॉवेल खाली, यात मात्र मस्करी नाही. मिनिटाला 540 फेरे घेणारी वस्तू टॉवेलाचं टोक ओळखत बसत नाही.

ही जोडाजोडी परदेशात तरी सोपी असेल असं वाटायचं. माझा पुतण्या अमेरिकेत, आयोवात. त्याच्याकडे छोटा ट्रॅक्टर आहे आणि त्याची अवजारं पुढच्या लोडरला लागतात. व्हिडिओ कॉलवर त्यानं दाखवलं. सीटवर बसूनच पुढची पाटी अलगद टेकवली. पाटीखालच्या दोन पिना दोन कड्या फिरवून सोडवायला तेवढा उतरला, मागे आला आणि लगेच फोर्क उचलून हजर. “काका, बघा, एक मिनिट!” सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. मग त्यानं पकड्याचा पंजा लावायला घेतला. त्याला हायड्रोलिकचे पाइप जोडावे लागतात. पंजा दुपारभर उन्हात पडलेला, पाइपातलं तेल तापून फुगलेलं, कपलर काही केल्या आत जाईना. तो दाबतोय, गुडघा लावतोय, तोंडानं शुद्ध मराठीत काहीतरी म्हणतोय. शेवटी पाइपाचं टोक फडक्यात धरून आतला दाब सोडला, थोडं तेल बुटावर घेतलं, तेव्हा कुठं बसलं. फटीत राहिलं होतं किती? मी मुद्दाम विचारलं. त्यानं अंगठा आणि तर्जनी कॅमेऱ्यासमोर धरली. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

राहता राहिल्या, घातलेली पिन निसटू नये म्हणून लावायच्या लॉकपिना. सापडल्याच तर त्या वॉशिंग मशीनमध्ये सापडतात आणि तिथं त्या का गेल्या याचा जबाब मला द्यावा लागतो. म्हणून तालुक्यातले निम्मे ट्रॅक्टर तारेच्या तुकड्यांवर चाललेत.

काल रोटर लागला, तण निघालं, तर संध्याकाळी आभाळ आलं. रोटर उतरवला, ब्लोअर चढवला, शाफ्ट बसवला, टाकी भरली, औषध कालवलं. पहार जागेवर ठेवून वळतो तर बांधावर नाना. “भाऊ, उद्या तुझा रोटर लागंल बरं का मला,” नाना म्हणाले, “पण माझा ट्रॅक्टर गॅरेजला आहे. तुझ्यालाच जोडून आण.”