नेदरलँड्समधला पहिला दिवस सहकुटुंब कसा पार पाडावा

व्याप्ती आणि उद्दिष्ट

प्रस्तुत मार्गदर्शिका सात जणांच्या मराठी कुटुंबासाठी आहे : आजी, आजोबा, आई, बाबा, दोन मुलं आणि एक आत्या, जिची युरोप टूर आधीच झालेली आहे. घरात अशी आत्या नसल्यास शेजारून मागून आणावी, नाहीतर दर चौकात ‘आम्ही आलो होतो तेव्हा असं नव्हतं हं’ कोण म्हणणार? आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतील तर सोन्याहून पिवळं. त्यांचा उपयोग पुढे येईल.

पहिल्या दिवसाचं उद्दिष्ट एकच असावं : रात्री झोपताना सातही जण एकमेकांशी बोलत असले पाहिजेत. देश बघायची घाई नको. तो दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो, निदान पाणी उपसणारे पंप चालू आहेत तोवर.

१. निघण्यापूर्वी

तारखा ठरवताना मुलांच्या परीक्षा आणि ट्यूलिप यांचा मेळ घालावा. क्यूकेनहोफची बाग मार्चच्या उत्तरार्धात उघडते आणि मेच्या मध्याला बंद होते. ‘सिलसिला’मध्ये पाहिलेली फुलं जूनमध्ये शोधत फिरल्यास फक्त माती दिसेल. शेतातली ट्यूलिप तर त्याआधीच गेलेली असतात. ती ऐन बहरात आली की शेतकरी त्यांची मुंडकी छाटून टाकतो, कारण त्याला फुलं विकायची नसतात, कांदे विकायचे असतात. फुलाचे चोचले बंद झाले की सगळा जोर कांद्यात उतरतो. १६३७ च्या फेब्रुवारीत याच कांद्यांचे आभाळाला भिडलेले भाव एकाएकी कोसळले होते. नाशिककडच्या वाचकांना हा इतिहास वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

सामान भरताना कायदा पाळावा. युरोपीय संघाबाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप आणि पेढे घरीच. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून फक्त केळी, अननस, नारळ, खजूर आणि डुरियन एवढी पाचच फळं सुटली आहेत. हापूस या यादीत नाही. ही बातमी रत्नागिरीकरांना विमान सुटल्यावर द्यावी. चिवडा, चकली आणि मेतकूट यांना कोणीही हरकत घेत नाही, आणि पहिल्या दिवसाचा डोलारा त्यांच्यावरच उभा राहायचा आहे.

२. उतरणे

विमान स्किपोलला उतरतं. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून तीनेक मीटर खाली, एका जुन्या सरोवराच्या तळावर आहे. हार्लेमरमेर नावाचं ते सरोवर वाफेच्या तीन पंपगृहांनी १८४९ ते १८५२ या काळात उपसून कोरडं केलं. ही माहिती आजोबांना सामान ताब्यात आल्यावरच सांगावी. आधी सांगितल्यास ते पट्ट्यावरच्या बॅगांकडे पाठ करून उपशाचा हिशेब मांडायला लागतात : तीन वर्षं, तीन पंप, आणि सुधारित अंदाजपत्रक किती वेळा?

इमिग्रेशनच्या खिडकीवर एकानेच बोलावं. अधिकारी परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग विचारतो, घराण्याचा इतिहास विचारत नाही. डचांची वखार सतराव्या शतकात आमच्या वेंगुर्ल्याला होती, हे खरं असलं तरी तिथे सांगू नये. मागे रांग असते.

३. रेल्वे

स्टेशन विमानतळाच्या पोटातच आहे. अ‍ॅमस्टरडॅम सेंट्रालला पोचायला पाव तास लागतो. तिकिटाच्या रांगेऐवजी बँकेचं कार्ड यंत्राला टेकवून आत जाता येतं आणि उतरल्यावर पुन्हा टेकवून बाहेर पडता येतं. मात्र तीन गोष्टी कुटुंबप्रमुखाने पाठ कराव्यात.

(अ) माणशी एक कार्ड. एकच कार्ड सात वेळा टेकवल्याने सात माणसं जात नाहीत. यंत्राच्या दृष्टीने एकच माणूस आत-बाहेर करत राहतो.

(आ) आत जाताना कार्ड टेकवलं असेल तर बाहेर पडतानाही तेच कार्ड. तेच कार्ड फोनमध्ये घालून फोन टेकवल्यास यंत्राला तो परका वाटतो.

(इ) बाहेर पडताना टेकवायला विसरल्यास भुर्दंड बसतो. त्यावर उपाय म्हणजे हे काम आजींकडे सोपवणं. देवळातून निघताना चप्पल विसरत नाहीत त्या कार्डही विसरत नाहीत.

लांबच्या गाड्यांच्या काही डब्यांच्या काचेवर शांततेची सूचना असते. त्या डब्यात बसून ‘पोचलो रे सुखरूप’ हा फोन स्पीकरवर लावू नये. डच माणूस मनात ठेवून कुढत नाही. तो उठून, शेजारी येऊन, स्वच्छ इंग्रजीत सांगतो. आपल्याला हा अपमान वाटतो, त्याला ती माहिती वाटते. आत्याचा चेहरा यानंतर काही काळ पडलेलाच राहील, तेव्हा चकलीचं पहिलं पाकीट इथे फोडावं.

४. रस्त्यावर पहिलं पाऊल

सेंट्राल स्टेशनची इमारत १८८९ ची आहे. रिक्सम्युझियम बांधणाऱ्या पिएर कॉयपर्सनेच ती बांधली. पाण्यात भराव घालून केलेल्या बेटांवर आणि हजारो लाकडी खुंटांवर ती उभी आहे. बाहेर येताच सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची इच्छा होते. काढावा. पण पायाखालची जमीन तांबूस आहे का ते आधी पाहावं.

तांबूस पट्टा सायकलींचा असतो. या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. स्टेशनसमोरच पाण्याखाली सात हजार सायकलींचा तळ २०२३ मध्ये सुरू झाला. पट्ट्यावरून एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन आणि पुढच्या पेटीत दोन मुलं असलेली बाई येत असते, आणि ती थांबणार नसते. पुण्यातला अनुभव इथे उपयोगी पडेल अशा भ्रमात राहू नये. पुण्यात वाहन कुठूनही येईल याची आपल्याला खात्री असते. इथे ते आपल्याच जागेवरून येतं आणि चूक मात्र आपली असते.

५. मुक्काम

खोली बहुधा दुपारी तीनला मिळते. कालव्याकाठचं जुनं घर निवडलं असेल तर जिना पाहून घ्यावा. ही घरं अरुंद, उंच आणि खोल आहेत, आणि जिना शिडीचा सख्खा भाऊ आहे. घराच्या कपाळावर एक तुळई आणि तिला आकडा दिसेल. जिन्यातून जाणार नाही ते सामान दोर लावून खिडकीतून वर घेतात. चढताना ओझं भिंतीला घासू नये म्हणून कित्येक घरांचे दर्शनी भाग मुद्दाम पुढे झुकते ठेवले आहेत. आकडा पाहून बाबांच्या डोळ्यांत जो विचार चमकेल तो आईने वेळीच ओळखावा. आजींना त्या मार्गाने वर नेता येणार नाही.

६. दुपार

झोपू नये. कोणालाही झोपू देऊ नये. संग्रहालयही घेऊ नये. व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांसमोर घोरणारं कुटुंब देशाची शोभा वाढवत नाही. पहिल्या दुपारी फुकट आणि बसून होण्यासारख्या गोष्टी कराव्यात. स्टेशनच्या मागून पलीकडच्या तीरावर जाणारी फेरीबोट पादचाऱ्यांना मोफत आहे. मुलं दोनदा जातात, आजी वारा खातात, आणि बाबांना युरोला शंभराने गुणायच्या कामातून सुट्टी मिळते.

आजोबांसाठी नगरभवन आणि ऑपेरा एकत्र असलेल्या स्टोपेरा या इमारतीत जावं. समुद्रसपाटी मोजायची अ‍ॅमस्टरडॅमची शून्य पातळी तिथे दाखवली आहे. युरोपातल्या अनेक देशांची उंची याच शून्यावरून मोजतात. शेजारी पाण्याने भरलेल्या तीन काचेच्या नळ्या आहेत. दोन नळ्या समुद्राची सध्याची पातळी दाखवतात. तिसरी १ फेब्रुवारी १९५३ च्या महापुराची आहे, शून्याच्या साडेचार मीटर वर. त्या पुरात इथली १,८३६ माणसं गेली. पाटबंधारे खात्याचा माणूस त्या नळीखाली उभा राहिला की बराच वेळ काही बोलत नाही. त्यांना घाई करू नये.

७. खाणे

संध्याकाळी सहाला हा देश जेवायला बसतो. आपल्या पोटात तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात, त्यामुळे उभयपक्षी सोय होते. मेयोनीज घातलेले बटाट्याचे तळलेले काप निर्धोक. बिटरबॉलेन हा गोल तळीव पदार्थ बटाटेवड्याच्या घरातला वाटतो, पण आत बहुतेक वेळा गोमांस असतं. विचारल्याशिवाय उचलू नये. भिंतीतल्या काचेच्या खणांतून गरम पदार्थ विकणारी दुकानं आहेत. त्यात चीज भरलेला काससुफ्ले शाकाहारी मुलांना चालतो. काही ठिकाणी रोख रक्कम घेतच नाहीत, तेव्हा कमरेच्या पट्ट्यात दडवलेले युरो तिथेच सुखरूप राहतील. कॉफी हवी असल्यास कॅफेत जावं. ‘कॉफीशॉप’ अशी पाटी असलेल्या जागी गांजा मिळतो.

पण खरा तोडगा सुरिनामी खानावळीत आहे. १८७३ पासून १९१६ पर्यंत सुमारे चौतीस हजार भारतीय मजूर, मुख्यतः भोजपुरी मुलखातले, सुरिनामच्या मळ्यांवर करारावर नेले गेले. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास त्यांचे अनेक वंशज नेदरलँड्सला आले. त्यांच्या दुकानात मऊ रोटी, मसाल्याचा बटाटा आणि लांबलचक चवळीच्या शेंगांची भाजी मिळते. आजींनी पहिला घास घेऊन ‘जरा गूळ हवा होता’ असं म्हटलं की समजावं, जेवण आवडलं.

पाण्याची बाटली एकदाच विकत घ्यावी, नळाचं पाणी उत्तम असतं. रिकामी बाटली किराणा दुकानातल्या यंत्रात घातली की अनामत परत मिळते : छोट्या बाटलीचे १५ सेंट, मोठ्या बाटलीचे २५. हे कळल्यापासून आजी कचरापेट्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतील. त्यांना आवरू नये, उपसा सुरू झाला आहे एवढंच समजावं.

८. सभा

जूनमध्ये सूर्य रात्री दहाला मावळतो. दिवेलागणीला शुभंकरोती म्हणायची पद्धत असल्यास मुलं तोवर जागी राहतील का, हे आधीच ठरवावं. या उरलेल्या उजेडात दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम ठरवण्यासाठी सभा घ्यावी, आणि ती डच पद्धतीने घ्यावी. बांध आणि पाणी सांभाळणारी निवडून आलेली जलमंडळं या देशात तेराव्या शतकापासून आहेत, आजही एकवीस आहेत आणि त्यांचा करही वेगळा असतो. बांध फुटला की पाणी कोणाचं शेत कोणतं ते विचारत नाही, म्हणून सगळ्यांना बसून, भांडून, एकमत करूनच उठावं लागतं. आजोबा इथे पांझरा नदीचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायच्या फड पद्धतीचा दाखला देतील. तो इतिवृत्तात घ्यावा.

आपल्या सभेतही रुसवा हेच पाणी समजावं. ते सगळ्यांच्या पायाखाली सारखंच येतं, एकदा उपसून संपत नाही, आणि उपसायचं काम रोज एकाच माणसावर टाकलं तर ते माणूस तिसऱ्या दिवशी बंद पडतं. हे माणूस बहुधा आई असते. म्हणून पाळी लावावी.

अ‍ॅन फ्रँकचं घर हा विषय पटलावर घेऊ नये. त्याची तिकिटं दर मंगळवारी, सहा आठवडे पुढच्या तारखांसाठी, फक्त ऑनलाइन निघतात. ज्याने ती काढली नाहीत त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं.

९. दिवसाची अखेर

आजींची पाचला उठायची सवय जगप्रसिद्ध आहे. इथल्या घड्याळात ते रात्रीचे दीड असतात. चहाचं सामान त्यांच्या उशाशी काढून ठेवावं, म्हणजे त्या बाकीच्यांना उठवणार नाहीत.

दिवे घालवण्यापूर्वी माणसं मोजावीत. सात भरली आणि सातही बोलत असली तर पहिला दिवस यशस्वी. सहा भरली तर आजोबा अजून त्या नळ्यांपाशी आहेत, सकाळपर्यंत सुरक्षित राहतील. आठ भरली तर कुठल्या तरी टूरमधले एक काका चुकून आपल्याबरोबर आले आहेत. त्यांना त्यांच्या हॉटेलवर पोचवावं, मात्र त्यांच्या पिशवीत चिवडा आहे का ते आधी विचारून घ्यावं.