विद्यादानाचे दप्तर

सन १५४९ मध्ये निजामशाहीच्या या राजधानीत, म्हणजे आजच्या दप्तरी भाषेत अहिल्यानगरात, एका रूमी उस्तादाने सुमारे ५५ टन वजनाची ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ ओतली आणि तीवर स्वतःचे नाव कोरून ठेवले. ती तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. परंतु ज्या कारागिरांनी भट्ट्या पेटवल्या, धातूंचे प्रमाण राखले आणि साचा न तडकता रस ओतून घेतला, त्यांच्या प्रशिक्षणविषयक गरजा आधी कोणी मुक्रर केल्या होत्या काय, ओतकाम संपल्यावर त्यांनी अभिप्रायपत्रे भरून दिली काय, याबद्दलचा एकही कागद आमच्या पाहण्यात नाही. सांप्रतच्या दंडकाने पाहता ती तोफ म्हणजे एका अप्रशिक्षित टोळीचे कृत्य ठरते, आणि विजापूरकरांनी ती हस्तगत करताना प्रमाणपत्र मागितले नाही, हा त्यांचा केवळ गाफीलपणा होय.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पुणे रस्त्यावरच्या सुप्याच्या नव्या क्षेत्रात असली अंधाधुंदी आता चालत नाही. आयएसओ ९००१ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतील ७.२ क्रमांकाच्या कलमाने कर्मचारी सक्षम असावा, नसल्यास त्यास सक्षम करावे, त्या उपायाचा परिणाम पडताळून पाहावा आणि पुराव्यादाखल कागद जपून ठेवावा, अशा चार आज्ञा केल्या आहेत. पैकी चौथीचे पालन सर्वांत सुलभ असल्यामुळे उरलेल्या तिहींचे पुण्यही तिच्याच पदरात टाकण्याचा शिरस्ता पडला आहे. यासाठी ‘लर्निंग अँड डेव्हलपमेंट’ नामक खाते असते, खात्याला वार्षिक तरतूद असते, आणि ३१ मार्चपूर्वी ती खर्ची न पडल्यास पुढील साली तिला कात्री लागत असल्यामुळे ऐन फाल्गुनात कारखान्यावर ज्ञानाचा जो वर्षाव होतो, तो दुष्काळी तालुक्यांनी हेवा करावा असा असतो.

या वर्षावात वरिष्ठ भिजतात ते शहराबाहेरच्या वातानुकूलित हॉटेलात, जेथे पुण्याहून आलेला प्रेरक वक्ता त्यांच्याकडून वर्तमानपत्राचे मनोरे रचवून घेतो आणि त्यावरून नेतृत्वगुणांचे निदान करतो. कामगारांची व्यवस्था निराळी असते. दिवसपाळीची लाइन थांबवणे शक्य नसल्यामुळे तिसऱ्या पाळीहून सुटलेल्यांना सकाळी सात वाजता फाटकाबाहेर न सोडता कॅन्टीनच्या वरच्या दालनात नेण्यात येते आणि रात्रभर प्रेसवर उभ्या राहिलेल्या त्या जीवांना ‘थकवा आणि सुरक्षितता’ या विषयावर दोन तास उद्बोधन करण्यात येते. विषयाचे प्रात्यक्षिक श्रोतेच करून दाखवीत असल्यामुळे वक्त्याला चित्रफितींची गरज भासत नाही. अभिप्रायपत्रे मात्र व्याख्यानापूर्वीच भरून घेतलेली असतात. कारण नंतर सह्यांसाठी श्रोत्यांना जागे करावे लागते.

डोनाल्ड किर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन पंडिताने १९५९ मध्ये प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पायऱ्यांवर करावे असे सुचवले होते: शिकणाऱ्याला ते आवडले काय, त्यातून तो काही शिकला काय, त्याच्या कामाच्या रीतीत फरक पडला काय, आणि अंती धंद्याच्या पदरी काय पडले. आमच्याकडचे अहवाल पहिल्याच पायरीवर, ‘चहा उत्तम होता’ या शेऱ्यापाशी, सतरंजी पसरून बसले आहेत. तेथून पुढे जावे तर चौथ्या पायरीवर व्यवस्थापनाचीच कैफियत द्यावी लागेल, ही त्यांची दूरदृष्टी.

परंतु या विद्यादानाचे खरे कलावैभव पाहायचे असेल, तर लाइनच्या तोंडाशी टांगलेला स्किल मॅट्रिक्सचा फलक पाहावा. तेथे प्रत्येक कामगाराच्या नावापुढे, प्रत्येक मशीनच्या खाली, एकेक वर्तुळ असते आणि त्याचे चार पाव असतात: काम ठाऊक आहे असा पहिला, देखरेखीखाली करतो असा दुसरा, एकट्याने करतो असा तिसरा, आणि दुसऱ्यास शिकवू शकतो असा चौथा. एरवी हा फलक धुळीने व्यापलेला असतो. मात्र ऑडिटरांच्या आगमनाची वर्दी येताच एक कनिष्ठ अभियंता काळे स्केचपेन घेऊन त्यापुढे उभा ठाकतो आणि जेवढे पाव रिकामे असतील तेवढे भरून टाकतो. उभ्या वर्षात जेवढे कौशल्य या कारखान्यात वाढत नाही, तेवढे त्या एका रात्रीत वाढते, आणि त्याला चालत्या मशीनचा एक मिनिटही खर्च होत नाही. असा किफायतशीर गुरू पौराणिक काळातही आढळत नाही.

याच शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनच्या औद्योगिक शाळेत मुलांच्या हाती रंधा आणि हातोडी देण्यात येत असे. पुढे चर्चिल नावाच्या मिशनरी इंजिनिअराने येथेच सुधारलेला हातमाग घडवला. तो माग उत्तम की अधम, हे ठरवायला विणकराचे हात पुरेसे होते. ती जुनी गोष्ट.

आता सरकारही स्वस्थ नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांनी ३० वा अधिक कामगारांच्या आस्थापनेवर मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के उमेदवार घेण्याचे बंधन घातले. २०१६ पासून केंद्राने त्यांच्या विद्यावेतनाचा चतुर्थांश, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, भरून देण्याचे आश्वासन दिले. आणि २०२४ मध्ये राज्याने युवा कार्यप्रशिक्षण योजनेत शिक्षणाच्या पायरीनुसार ६, ८ आणि १० हजार रुपये मुक्रर केले. या योजनांचा हेतू आम्ही निर्मळ मानतो. परंतु आमच्या या कारखान्यात पहिल्या आठवड्यात झाडू, दुसऱ्यात ट्रॉली आणि तिसऱ्यात चालू प्रेस हाती आलेला मुलगा पूर्ण उत्पादन काढू लागतो, तरी कागदोपत्री तो शिकतच असतो. आणि मुदत भरून खरोखरच शिकला की त्याच दिवशी त्याला निरोप देऊन नवा अडाणी आणावा लागतो, कारण अनुदान अज्ञानाला असते आणि ज्ञानाला पगार द्यावा लागतो.

या प्रत्येक नव्या मुलाला काम शिकवतो कोण? पाथर्डी तालुक्यातला, गेली कित्येक वर्षे कंत्राटदाराच्या हजेरीपटावर हेल्पर म्हणून असलेला एक गृहस्थ, ज्याला अवघे शॉप ‘मामा’ म्हणते. प्रेसच्या ठोक्याचा आवाज किंचित बदलला तरी डाय सरकल्याचे त्याला पाठमोऱ्यानेच कळते. जॉबच्या कडेवरून बोट फिरवून तो बर, म्हणजे कापाचा खरबरीत काठ, किती आला ते सांगतो. आणि नवख्याचा हात प्रेसखाली जाण्याआधी त्याचे मनगट मामाच्या मुठीत आलेले असते. फलकावर मामाचे वर्तुळ नाही, कारण कंत्राटी माणसाला वर्तुळ देण्याची तरतूद नाही. ‘प्रशिक्षकाचे नाव’ या रकान्यात त्याचे नाव घालावे, असे एका भाबड्या सुपरवायझरने सुचवून पाहिले. परंतु हेल्पर प्रशिक्षक असल्याचे कागदावर आले तर त्याला हेल्पर कसे म्हणावे, असा पेच पडून तो रकाना कनिष्ठ अभियंत्याच्या नावाने भरण्यात आला.

गेल्या मार्चात प्रशिक्षणाच्या वार्षिक लक्ष्यातले काही मनुष्यतास कमी पडत होते, म्हणून मामालाही वर्गात बसवण्यात आले. शेजारी त्यानेच तयार केलेली पोरे होती, विषय ‘प्रेस मशीनची मूलतत्त्वे’ हा होता आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत होती. मामाला शंभरांपैकी ३१ गुण पडले. खात्याने नियमाप्रमाणे शेरा मारला, ‘पुनर्प्रशिक्षण आवश्यक’, आणि तेवढ्याने पुढच्या वर्षीच्या आठ तासांची बेगमी झाली.