शनिवार तेल्यांकडे यवतमाळकर

शनिवारी तेल विकत आणायचं नाही, हा यवतमाळच्या आमच्या घरात आजीचा कायदा. ठाण्याला राहायला आलो तर शेजारच्या मावशी म्हणाल्या, आमच्या पूर्वजांनी शनिवारी तेल गाळलंच नाही. मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, त्यातून सात बाया नि सात बाप्ये वाचले, ही त्यांची पिढीजात कथा. कोकणात घाणे घातले, शनिवारी मात्र बंद. म्हणून लोकांनी नाव ठेवलं ‘शनिवार तेली’. आडनावंही गावावरून : पेणकर, दिवेकर, नवगावकर. त्याच हिशेबानं मावशींनी मला ‘यवतमाळकर’ करून टाकलं.

एका शुक्रवारी जेवायला बोलावलं. ठाण्याचं १८७९ सालचं सिनेगॉग बघायला आलेली तीन पोरं होती : अर्जेंटिनाचा एक, अमेरिकेचा एक आणि एक फ्रान्सची. हिब्रू गाणं तिघांनाही पाठ, पण चाली तीन. चौथी मावशींची, ती थेट भजनाच्या अंगानं जाणारी. वाइनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत. आमच्या शेजारच्या दारूबंदीवाल्या वर्ध्यातही खुशाल चाललं असतं. मी नेलेले पेढे मात्र फडताळात गेले. मटणाबरोबर दुधाचं काही चालत नाही. दूध लागलंच तर नारळाचं.

हात धुऊन येताना मी सवयीनं एक बटण बंद केलं. भारनियमनात वाढलेला माणूस, बाप्पा! दिवाणखान्यात उरल्या दोन मेणबत्त्या.

“अंधार झाला, नाही?” मावशी म्हणाल्या.

“हो ना! आमच्याकडे तर रोजचंच,” म्हणून मी यवतमाळच्या विजेवर पाच मिनिटं बोललो.

“पाहुण्यांना ताटातलं हाडूक दिसत नाही रे.”

“अंधारात चव जास्त लागते, मावशी.”

शेवटी अमेरिकेच्या पोरानं मला बाजूला घेऊन समजावलं. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत, त्यांनी बटण दाबायचं नाही, आणि दुसऱ्याला ‘दाब’ असंही सांगायचं नाही. नुसतं सुचवायचं.

दिवा लागला. मग मात्र मी कान टवकारून बसलो. कुणी काही सुचवतंय का? फ्रान्सच्या पोरीला रस्सा झोंबला. तिनं कपाळ पुसलं, “फार गरम होतंय” म्हणाली. तिचं वाक्य संपायच्या आत मी पंखा पाचवर केला.

दोन्ही मेणबत्त्या विझल्या.

मावशींनी आधी मेणबत्त्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“यवतमाळकर, तू आता नुसता जेव.”