माफक बजेटात अस्सल चित्र

अस्सल चित्राच्या खरेदीला सुरुवात होते ती भिंतीपासून. मध्यमवर्गीय मराठी घराला चित्राची उणीव भासते ती फ्लॅटचे काम आटोपल्यावर. तोवर फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन, सोफा आणि सोफ्यासमोरचा भिंतभर टीव्ही यांचे हिशेब चुकते झालेले असतात. रिकाम्या भिंतीला महागडा टेक्श्चर रंग लावलेला असतो आणि त्या रंगावर प्रकाश पडावा म्हणून वर स्पॉटलाइटही बसवलेला असतो. त्या प्रकाशात लावायच्या वस्तूसाठी दोन-अडीच हजार शिल्लक राहतात. ही शिल्लक म्हणजेच माफक बजेट.

चित्र निवडण्याचे निकष सर्वमान्य आहेत. ते सोफ्याच्या कव्हरला शोभले पाहिजे, त्यात उदास माणसे नसावीत आणि घोडे असल्यास ते सात असून घराच्या आतल्या दिशेने धावत असावेत. चित्रकाराचे नाव ही दुय्यम बाब होय. पाहुण्यांनी विचारल्यास तेवढ्यापुरते ते पाठ करता येते.

खरेदीची ठिकाणे मुंबईत जवळजवळच आहेत. काळा घोडा येथील जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये सुरू झाली. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे रसिकांना तोटा नाही. दालन मिळावे म्हणून चित्रकार काही वर्षे रांगेत थांबतो आणि भाडे, फ्रेमा, वाहतूक असा खर्च करून आठवडाभर चित्रे मांडतो. चित्र विकले गेले की शेजारी लाल टिकली लागते. माफक बजेटाचा रसिक ‘हे काढायला किती दिवस लागले?’ असे विचारतो, किमतीला दिवसांनी भागतो आणि आपल्या पगाराशी ताडून पाहतो. भागाकार चित्रकाराच्या बाजूने आला, तर भाचीसुद्धा हुबेहूब असेच काढते हे त्याला आठवते.

गॅलरीबाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार चित्रे लावून बसतात. तिथे किमती कमी असतात, म्हणून घासाघीस जास्त होते. पलीकडे फोर्टात सर ज. जी. कला महाविद्यालय आहे, १८५७ चे. त्याच्या वार्षिक प्रदर्शनात उद्याचे चित्रकार आजच्या दरात भेटतात. होतकरू विद्यार्थ्याचे मूळ काम परवडण्याची ही उत्तम संधी. तिचा लाभ घेताना ‘अजून शिकतोच आहेस ना?’ असे म्हणून निम्मी किंमत सुचवण्याची प्रथा आहे.

प्रकारांचा विचार करता, मोठ्या तैलचित्रापेक्षा जलरंग, रेखाटन आणि मुद्राचित्र स्वस्त पडते. लिनोकट, वुडकट किंवा एचिंगमध्ये चित्रकार स्वतः ठसा कोरतो आणि त्यावरून मोजक्याच प्रती काढतो. प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने क्रमांक आणि सही असते. ४/२५ म्हणजे पंचवीस प्रतींपैकी चौथी. चित्राला पंचवीसपैकी चार गुण मिळाले असा त्याचा अर्थ नाही. यातली प्रत्येक प्रत अस्सलच असते. याउलट दुकानातला कॅनव्हास प्रिंट हा एखाद्या चित्राच्या फोटोची छपाई असतो. ब्रशचे फटकारे भासावेत म्हणून कधीकधी त्यावर पारदर्शक लेप फिरवतात. भिंगातून पाहिल्यास छपाईचे ठिपके दिसतात. खरेदीदार भिंग सहसा नेत नाही, कारण ठिपके दिसले तर सोफ्याला शोभणारे दुसरे चित्र शोधावे लागेल.

वारली चित्राची गोष्ट वेगळी. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढणारी ही परंपरा कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आता पडदे, मग, मोबाइलची कव्हरे आणि सोसायटीची फाटके यांवर वारली माणसे नाचतात. या सगळ्यांची छापील किंमत रसिक मुकाट्याने मोजतो. डहाणूकडचा चित्रकार हाताने काढलेला कागद पुढे करतो तेव्हा मात्र रसिकाला महागाई जाणवते.

किंमत ठरवण्याची एक रूढ पद्धत चौरस इंचाची आहे: लांबी गुणिले रुंदी गुणिले चित्रकाराचा दर. फ्लॅट घेतलेल्या माणसाला ही पद्धत तत्काळ समजते आणि चित्राभोवतीचा कोरा कागद कार्पेट एरियात धरला आहे का, अशी शंकाही तो काढतो.

खरेदीनंतर फ्रेम येते आणि ती बहुधा चित्रापेक्षा महाग असते. इथे घासाघीस होत नाही, कारण फ्रेमचे लाकूड हाताला लागते. वास्तविक खर्च करायचा तो काच आणि कागद यांत अंतर राखणाऱ्या आम्लरहित माउंटवर. काच कागदाला चिकटली तर कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी धरते. ओल येणारी बाहेरची भिंत आणि थेट ऊन, दोन्ही जलरंगाला घातक. सोनेरी नक्षीच्या पट्टीवर सगळे पैसे संपल्याने माउंट राहून जातो.

शेवटचा मुद्दा गुंतवणुकीचा. मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्राम यात्रा’ हे १९५४ चे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले, तेव्हापासून दोन हजारांच्या निसर्गचित्रालाही ‘पुढे किती होईल?’ हा प्रश्न विचारला जातो. ते चित्र १९५४ मध्येच दिल्लीत आलेल्या नॉर्वेच्या एका डॉक्टरने घेतले, पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेले आणि तिथल्या भिंतीवर कित्येक दशके टांगलेले होते. म्हणजे भाव वाढायला सत्तर वर्षे लागली आणि वाढला तेव्हा घेणाऱ्याच्या हाती काही पडले नाही. त्याच्या वाट्याला आले ते फक्त चित्र पाहणे. माफक बजेटातल्या चित्रावर खात्रीचा परतावा तेवढाच आहे, आणि त्यावर अजून तरी कर लागत नाही.